दहा सेकंदांचा हिशेब : बिटकॉइनची बिनमुकादमाची टोळी का मोडली?

जून २०१४ चा दुसरा आठवडा. बिटकॉइनच्या जगात जी गोष्ट होऊ नये म्हणून जाणकार मंडळी देव पाण्यात घालून बसली होती, तीच झाली. जीहॅश डॉट आयओ नावाच्या एकाच पूलकडे जगातल्या एकूण मायनिंग ताकदीचा निम्म्याहून जास्त वाटा गेला. थोडाच वेळ गेला, पण गेला.

निम्म्याहून जास्त म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण याबद्दल आपल्याकडच्या बातम्यांतही बरंच उलटसुलट छापून आलंय. एवढी ताकद हातात असलेला माणूस तुमच्या खात्यातली नाणी चोरू शकत नाही. ते शक्य नाही. पण नुकताच झालेला व्यवहार तो मागे फिरवू शकतो, स्वतःचं एकच नाणं दोन ठिकाणी खर्च करू शकतो, आणि एखाद्याचे व्यवहार वहीत चढूच द्यायचे नाहीत असं ठरवू शकतो. थोडक्यात, ज्या वहीला मालक नाही म्हणून एवढा गाजावाजा, तिला मालक मिळतो.

तेव्हा खळबळ उडाली. पीटर टॉड नावाच्या नावाजलेल्या डेव्हलपरने आपली निम्मी बिटकॉइन विकून टाकल्याचं जाहीर केलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या इत्ताय इयाल आणि एमिन ग्युन सिरर या संशोधकांनी तर ही व्यवस्थाच बदलायला हवी असं लिहिलं. सगळीकडून एकच ओरड, मायनर मंडळींनो, जीहॅश सोडा.

आता गंमत बघा. सोडून जायचं कुठे, याचं उत्तर तीन वर्षांपासून तयार होतं. पी-टू-पूल. मालक नाही, पैसे कोणाच्या खात्यात अडकत नाहीत, वही ज्याच्या त्याच्या हातात. कागदावर याहून चांगलं काही नव्हतं. तरी लोक गेले नाहीत. जीहॅशमधून उठले आणि दुसऱ्या मालकाच्या पूलमध्ये जाऊन बसले.

का? "लोभ" हे सोपं उत्तर आहे आणि ते निम्मं खरंही आहे. उरलेलं निम्मं उत्तर यंत्रांत आहे. तेच आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

हे आत्ता का? कारण आपल्याकडे "मायनिंग" हा शब्द घरोघरी पोचला तो गेनबिटकॉइनमुळे. महिन्याला १० टक्के, १८ महिने, अशी ती योजना. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अमित भारद्वाजला पकडलं तोवर पुण्यापासून नांदेडपर्यंत लोकांचे पैसे त्यात गेले होते. त्या मंडळींचा जीबीमायनर्स नावाचा पूल खरोखर ब्लॉक शोधत होता, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. म्हणजे यंत्रं होती, पूल होता, फक्त तुमच्या पैशाचा आणि त्या यंत्रांचा संबंध काय हे तपासायची सोय तुमच्याकडे नव्हती. पूल कोणाचा आणि हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न त्यामुळे आपल्यापासून वाटतो तेवढा लांबचा नाही.

सुरुवातीपासून बघू.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला. त्या आराखड्यातली कल्पना अशी की प्रत्येक संगणकाच्या प्रोसेसरला एक मत. घरच्या संगणकावर कोणीही मायनिंग करावं. मायनिंग म्हणजे काय, तर एक आकडा बदलत बदलत तेच गणित पुन्हा पुन्हा करायचं आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली येतं का ते बघायचं. अक्कल लागत नाही, नशीब आणि वेग लागतो. लॉटरीची तिकिटं फाडत बसण्यासारखं. साधारण दर १० मिनिटांनी जगात कोणाला तरी तिकीट लागतं, त्याला व्यवहारांचं पुढचं पान, म्हणजे ब्लॉक, वहीत चढवायचा मान मिळतो आणि नवी नाणी मिळतात. तेव्हा ५० मिळायची. २०२४ च्या एप्रिलपासून ३.१२५ मिळतात.

२०१० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की हे गणित गेम खेळायच्या ग्राफिक्स कार्डावर कितीतरी जोरात चालतं. स्पर्धा वाढली. एकट्या माणसाला ब्लॉक लागायला महिनोन्‌महिने जाऊ लागले. मग टोळी आली. चेक प्रजासत्ताकातल्या मारेक पलातिनुस याने २०१० च्या अखेरीस पहिला पूल सुरू केला. तो पुढे स्लश पूल म्हणून ओळखला गेला.

पूल कसा चालतो हे ऊसतोडीच्या टोळीवरून पटकन कळेल. फडात किती कोयते उतरले, कोणी किती तोडलं, याची नोंद मुकादम ठेवतो. कारखान्याकडून पैसे मुकादमाकडे येतात आणि तो आपलं कमिशन कापून वाटतो. पूलमध्ये ऑपरेटर हा मुकादम. तो सगळ्यांना सांगतो, ब्लॉक लागो न लागो, त्याच्या जवळपास जाणारं, थोडं सोपं उत्तर सापडलं तरी मला पाठवा. या सोप्या उत्तराला "शेअर" म्हणतात. शेअर म्हणजे हजेरी. याने खरंच तिकिटं फाडली, नुसता बसून नव्हता, याचा पुरावा. ब्लॉक लागला की हजेरीच्या प्रमाणात वाटणी. स्लश त्यासाठी २ टक्के घ्यायचा.

सोय झाली, पण वहीत कोणते व्यवहार चढवायचे हे आता मुकादम ठरवू लागला. हजारो मायनर फक्त कोयता चालवणार. शिवाय पैसे वाटेपर्यंत ते मुकादमाच्या खिशात. २०११ मध्येच डीपबिट नावाचा पूल निम्म्याच्या जवळ गेला आणि पहिली घबराट झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये फॉरेस्ट वॉइट या प्रोग्रामरने पी-टू-पूल मांडला. मुकादम नसलेली टोळी.

याची रचना खरंच देखणी होती. वॉइटचं म्हणणं असं की हजेरीपटच सगळ्यांनी मिळून ठेवायचा. बिटकॉइनची जशी साखळी आहे, तशीच आणखी एक छोटी साखळी, शेअरची. प्रत्येक शेअर आधीच्या शेअरला जोडलेला. प्रत्येक सभासदाच्या संगणकावर हा पट असतो, त्यामुळे खोटी हजेरी लावता येत नाही. आणि खरी कमाल पुढे आहे. प्रत्येक सभासद जो ब्लॉक शोधत असतो, त्या ब्लॉकच्या आतच अलीकडच्या शेअरवाल्यांना किती नाणी जाणार याची यादी लिहिलेली असते. ब्लॉक लागला की त्याच क्षणी पैसे थेट ज्याच्या त्याच्या पत्त्यावर. मधे कोणाचा खिसाच नाही. आणि कोणते व्यवहार घ्यायचे, हे प्रत्येकजण स्वतः ठरवणार, कारण प्रत्येकाकडे बिटकॉइनचा स्वतःचा पूर्ण नोड.

म्हणजे सातोशीच्या मूळ कल्पनेच्या हा सगळ्यात जवळचा पूल.

पण त्यात एक आकडा होता. १० सेकंद.

बिटकॉइनची साखळी दर १० मिनिटांनी पुढे सरकते. शेअरची साखळी वॉइटने दर १० सेकंदांनी सरकवली. कारण उघड आहे, हजेरी वरचेवर लागली तरच छोट्या माणसाला त्यात जागा मिळते. १० सेकंदाला एक, म्हणजे दिवसाला ८,६४०. पण दर १० सेकंदांनी नवा शेअर आला की आधीच्यावर चाललेलं काम शिळं. त्यावर उत्तर सापडलं तरी हजेरीत धरत नाहीत.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. जिल्हा आवृत्तीचं पान लागलं की लागलं. त्यानंतर पाच मिनिटांनी आलेली बातमी खरी असते, चांगली असते, मेहनत तेवढीच असते, पण त्या दिवसापुरती तिची किंमत शून्य. महिन्यातून एकदा पान लागत असतं तर पाच मिनिटांनी कोणाचं काय बिघडलं असतं? इथे पान दर १० सेकंदांनी लागत होतं.

आकडे मांडू. समजा तुमच्या यंत्राला, नेटला आणि संगणकाला मिळून नव्या कामावर जायला १ सेकंद उशीर होतो. साध्या पूलमध्ये काम १० मिनिटांनी शिळं होतं, त्यामुळे तोटा हजारात दीड-पावणेदोन. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पी-टू-पूलमध्ये तोच १ सेकंद शेकडा साडेनऊ खातो. मुकादमाचं कमिशन वाचवायला गेलात २ टक्के, आणि गमावले साडेनऊ. जीहॅश तर कमिशन शून्य घेत होता!

इथे एक बारीक मुद्दा आहे, तो तेव्हाच्या वादांत बरेचदा निसटायचा. पी-टू-पूलवर शिळा ठरलेला शेअर जर मूळ बिटकॉइनच्या कठीण मर्यादेतही बसत असेल, तर तो ब्लॉक चालतोच. टोळीची एकूण कमाई शिळ्या शेअरमुळे बुडत नाही. बुडतो तो तुमचा वाटा, आणि तोही फक्त इतरांपेक्षा तुम्ही जास्त शिळे असाल तरच. सगळेच १० टक्के शिळे असतील तर कोणाचंच नुकसान नाही. म्हणूनच पी-टू-पूलचा प्रोग्राम पडद्यावर जी "एफिशियन्सी" दाखवायचा, ती कधी कधी १०० टक्क्यांच्या वरही जायची. नवखा माणूस चक्रावायचा. ती सरासरीशी केलेली तुलना होती.

आता ऐका, याचा अर्थ काय होतो. हळू यंत्रवाल्याचा पैसा चपळ यंत्रवाल्याकडे जातो. गावातल्या टोळीत जुना कोयता घेऊन आलेल्याची मजुरी नव्या कोयतेवाल्याला मिळावी, तसं. अशा टोळीत जुना कोयतेवाला किती दिवस थांबेल?

ग्राफिक्स कार्डांच्या काळात हे फारसं जाणवलं नाही. कार्ड संगणकातच बसलेलं, कामाचे तुकडे छोटे, नवं काम आलं की लगेच सोडून नव्यावर. पण २०११-१२ मध्ये मायनिंगसाठीच बनवलेली यंत्रं बाजारात आली आणि गणित फिरलं.

बटरफ्लाय लॅब्सचं "सिंगल" नावाचं यंत्र घ्या. एफपीजीए चिपवर चालणारं, सेकंदाला सुमारे ८३ कोटी गणितं करणारं. वीज कमी खायचं म्हणून लोक खुश. पण त्याची एक खोड होती. ब्लॉकच्या मथळ्यात बदलायचा जो आकडा असतो, नॉन्स, तो ३२ बिटांचा. म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. हे यंत्र सगळ्या ४२९ कोटी संपवूनच तोंड उघडायचं. भागाकार करा, ५ सेकंदांहून थोडं जास्त. दुसऱ्या सेकंदाला उत्तर सापडलं तरी पाचव्या सेकंदाला सांगणार. दहा सेकंदांच्या साखळीत ५ सेकंदांची ही समाधी. शक्यतेच्या गणिताने त्याचे शेकडा ४० शेअर शिळे व्हायला हवेत. साध्या पूलवर तेच यंत्र शंभर नंबरी सोनं. पुढे कंपनीने काम लहान तुकड्यांत करणारं फर्मवेअर दिलं, सीजीमायनर या मायनिंग प्रोग्राममध्येही त्यासाठी वेगळा पर्याय आला. पण तोवर "पी-टू-पूलवर मशीन चालत नाही" हे वाक्य पसरलेलं होतं.

मग आले एसिक. म्हणजे दुसरं काहीही न करता फक्त हेच एक गणित करणाऱ्या चिप. जानेवारी २०१३ च्या शेवटी अॅव्हलॉन कंपनीचं पहिलं यंत्र जेफ गार्झिक या डेव्हलपरच्या घरी पोचलं. सेकंदाला ६० अब्जांहून जास्त गणितं. आत मेंदू म्हणून काय होतं माहितीय? टीपी-लिंकचा खिशात मावेल असा छोटा वायफाय राउटर! हसू नका, तेव्हा तेवढं पुरत होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये बिटमेनचा अँटमायनर एस-१ आला. सेकंदाला १८० अब्ज, वीज सुमारे ३६० वॉट.

आता पुन्हा ते ४२९ कोटी घ्या. १८० अब्ज वेगाचं यंत्र ती सगळी शक्यता एका सेकंदात ४२ वेळा संपवतं. म्हणजे सेकंदाला ४२ वेळा त्याला नवं काम हवं. पूर्वीची पद्धत अशी होती की प्रत्येक नव्या कामासाठी पूलकडे हात पसरायचा. ते शक्यच नव्हतं. म्हणून २०१२ मध्ये स्ट्रॅटम ही नवी पद्धत आली, तीही त्या पलातिनुसचीच. त्यात पूल फक्त साचा देतो आणि यंत्र स्वतःच हवी तेवढी कामं तयार करतं. आणि चिप कधी उपाशी राहू नयेत म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी काय केलं? आधीच कामांची रांग लावून ठेवली. राउटरएवढ्या मेंदूला सेकंदाला ४२ वेळा धावपळ जमणार नाही, तर आधीच पत्रावळी मांडून ठेवा.

मेख इथेच आहे. रांग जेवढी लांब, तेवढी चिप पोटभर, आणि जाहिरातीतला वेगाचा आकडा तेवढा झकास. पण नवा शेअर आला की रांगेतलं सगळं शिळं. ती रांग फेकून देऊन लगेच नव्यावर यायला हवं, आणि यंत्र रांग संपवत बसायचं. दहा मिनिटांच्या पूलमध्ये एखाद-दोन सेकंदांचं शिळं काम कोणाला दिसत नाही. कारखान्यात चाचणी होते तीही साध्या पूलवर. त्यामुळे यंत्र बनवणाऱ्याला यात काही चुकतंय हे दिसण्याचं कारणच नव्हतं.

माझं मत स्पष्ट सांगतो, यात कट वगैरे शोधू नये. बिटमेनचा स्वतःचा अँटपूल होता हे खरं आहे, पण विकेंद्रित पूल मारायला कोणी मुद्दाम हळू फर्मवेअर लिहिलं असं मानायला काही आधार नाही, आणि तशी गरजही नव्हती. ज्याच्यासाठी गिऱ्हाईक नाही, त्याच्यासाठी कोणी यंत्र सुधारत नाही. एवढं पुरतं.

मायनर मंडळींनी आपल्या परीने झटापट केली. सीजीमायनरचा कर्ता कॉन कोलिव्हास. हा ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ डॉक्टर, लिनक्सच्या गाभ्यावर फावल्या वेळात काम करणारा अवलिया. त्याच्या प्रोग्राममध्ये रांग किती ठेवायची हा आकडा वापरणाऱ्याला बदलता येतो. पण कंपन्या त्याच्या प्रोग्रामची स्वतःची मोडतोड केलेली आवृत्ती यंत्रात भरायच्या आणि त्यात आकडा आपल्या सोयीचा ठेवायच्या. लोक यंत्रात लॉगिन करून तो आकडा शून्यावर आणायचे, फर्मवेअर बदलायचे, पी-टू-पूलचा नोड घरातल्याच दुसऱ्या संगणकावर ठेवून नेटचा उशीर कमी करायचे. ज्याला हे जमलं त्याची एफिशियन्सी सुधारायची. पण हे करणार किती जण? बाकीचे पूलचा पत्ता टाकायचे, पासवर्ड टाकायचे, झोपायचे. आणि का झोपू नये?

उशीर फक्त यंत्राचाच नव्हता, हेही सांगायला हवं. पी-टू-पूल पायथन भाषेत लिहिलेला, त्यामुळे मुळातच जरा जड. शिवाय बिटकॉइनचा नोड नव्या ब्लॉकचा साचा तयार करून देईपर्यंत वेळ जायचा, व्यवहार जेवढे जास्त तेवढा वेळ जास्त. म्हणून सल्ला काय दिला जायचा, तर ब्लॉक लहान ठेवा, कमी व्यवहार घ्या. म्हणजे बघा, ज्या पूलचा सगळा दिमाख "व्यवहार मी निवडणार" हा, त्याच पूलमध्ये सेकंद वाचवायला व्यवहार कमी घ्यायची वेळ आली.

शेवटी साखळीचा वेग बदलला. १० सेकंदांचे ३० सेकंद केले. एसिकचा १ सेकंद आता शेकडा सव्वातीनच खाणार. मोठा दिलासा. पण हा दिलासा कोणाच्या ताटातून काढला? छोट्या मायनरच्या.

हिशेब करून दाखवतो. समजा पूलची एकूण ताकद १ पेटाहॅश, म्हणजे १० लाख गिगाहॅश. तुमच्याकडे एक एस-१, १८० गिगाहॅश. १० सेकंदांच्या साखळीत दिवसाला ८,६४० शेअर, त्यात तुमचे सरासरी दीड. ३० सेकंदांच्या साखळीत दिवसाला २,८८० शेअर, तुमच्या वाट्याला दिवसाआड एक. तोही नशिबावर. चार दिवस एकही नाही आणि पाचव्या दिवशी तीन, असं होऊ शकतं. हजेरीपटाच्या ओळी ठरलेल्या, त्यामुळे पूल जेवढा वाढेल तेवढी एकेक ओळ महाग. साध्या पूलमध्ये मुकादम प्रत्येकाला त्याच्या कुवतीची सोपी हजेरी देऊ शकतो, कारण वही त्याच्या एकट्याची. सगळ्यांनी मिळून ठेवायच्या वहीत कोट्यवधी ओळी मावत नाहीत.

आणि पूल लहान राहिला तरी पंचाईत. जगाच्या १ टक्का ताकद असेल तर ब्लॉक सरासरी १६-१७ तासांनी लागतो. ताकद ०.१ टक्क्यावर आली की आठवड्याला एक. पण शेअरची खिडकी ३ दिवसांची. तीन दिवसांत ब्लॉक लागला नाही तर तुमची जुनी हजेरी खिडकीबाहेर गेली, हातात काही नाही. सरासरीने सगळं भरून निघतं हे गणिताला माहीत, पण वीजबिल सरासरीवर थांबत नाही.

म्हणजे वाढला तर छोटे मरणार, आटला तर सगळेच उपाशी. मला वाटतं, पी-टू-पूलची खरी शोकांतिका ही. यंत्रांच्या उशिराने फक्त तिला लवकर गाठलं. उशीर नसता तर साखळी आणखी वेगाने चालवता आली असती, जास्त ओळी मावल्या असत्या, छोट्यांना जागा झाली असती. यंत्राचे ते एक-दोन सेकंद होते म्हणून तो मार्ग बंद झाला.

बाकी अडचणी थोडक्यात. मिळणारे पैसे चिल्लर चिल्लर यायचे आणि ती चिल्लर पुढे खर्च करताना प्रत्येक तुकड्यामागे शुल्क. पूर्ण नोडसाठी तेव्हा २० जीबीच्या आसपास डेटा उतरवून ठेवायचा. काही भल्या लोकांनी पी-टू-पूलवाल्यांना प्रोत्साहन म्हणून स्वतःची नाणी वाटली, पण वर्गणीवर मायनिंग चालत नाही.

जीहॅशने पुढे ४० टक्क्यांच्या वर न जाण्याचं वचन दिलं, मग त्याचा जोर ओसरला आणि २०१६ मध्ये तो बंद पडला. लोक म्हणाले, बघा, बाजाराने आपोआप दुरुस्ती केली. केली का? आज फाउंड्री आणि अँटपूल हे दोनच पूल मिळून बऱ्याचदा निम्म्याहून जास्त ब्लॉक काढतात. २०२४ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की वेगळ्या नावाने चालणाऱ्या अनेक छोट्या पूल्सचे ब्लॉकचे साचे अँटपूलच्या साच्यांशी जुळतात. पाट्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक. २०२१ मध्ये मॅरेथॉन या अमेरिकी कंपनीने सरकारच्या निर्बंध यादीप्रमाणे व्यवहार गाळून ब्लॉक काढायला सुरुवात केली होती, टीका झाल्यावर थांबवली. २०२३ मध्ये एफ-टू-पूलही काही व्यवहार गाळत असल्याचं उघड झालं. व्यवहार गाळणं बरोबर की चूक यावर दोन मतं असतील, असू देत. पण तो निर्णय मूठभर ठिकाणी होतो, याबद्दल दोन मतं नाहीत.

पी-टू-पूलची कल्पना मात्र मेली नाही. ती दुसऱ्या गावात नांदतेय. मोनेरो नावाच्या चलनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मायनिंगचं गणितच बदललं. रँडमएक्स नावाचं हे गणित साध्या प्रोसेसरवरच चांगलं चालतं, एसिकला त्यात फायदा राहत नाही. २०२१ मध्ये त्यावर नव्याने लिहिलेला पी-टू-पूल आला. साखळी पुन्हा १० सेकंदांची! पण इथे यंत्र म्हणजे तुमचा संगणकच, रांग नाही, समाधी नाही. आणि मागे राहिलेला शेअर फेकून न देता "काका" म्हणून साखळीत घेतात आणि थोडी कपात करून त्याचेही पैसे देतात. वॉइटच्या पूलला हे असतं तर, असं मनात येतंच. अर्थात ऑगस्ट २०२५ मध्ये क्युबिक नावाच्या पूलने त्याच मोनेरोच्या साखळीचे ६ ब्लॉक उलटवून दाखवले. चांगला पूल उपलब्ध असणं आणि लोकांनी तो वापरणं यात तेव्हाही अंतर होतं, आजही आहे.

बिटकॉइनमध्ये आता वेगळा रस्ता धरलाय. हजेरीपट मुकादमाकडेच राहू द्या, फक्त व्यवहार निवडायचा अधिकार मायनरला परत द्या. स्ट्रॅटमची दुसरी आवृत्ती यासाठीच. ल्यूक डॅशजरचा ओशन पूल नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, त्याच्या डेटम पद्धतीत मायनर स्वतःच साचा बनवतो. यात १० सेकंदांची शर्यतच नाही, त्यामुळे यंत्राचा उशीर आड येत नाही. मुकादमावर विश्वास मात्र काही प्रमाणात ठेवावा लागतो.

यंत्रं तोवर कुठल्या कुठे गेली. एस-१ ला एक टेराहॅशसाठी २,००० वॉट लागायचे, २०२३ च्या एस-२१ ला साडेसतरा. इतकी चोख कामगिरी, आणि मालकाला हवं ते फर्मवेअर मात्र त्यात सहजी टाकता येत नाही.

याच चिडीतून काही हौशी लोकांनी बिटॅक्स नावाचं तळहाताएवढं यंत्र बनवलंय. चिप बिटमेनचीच, पण बाकी सगळा आराखडा आणि प्रोग्राम खुला, कोणीही बनवावं. मोबाइलच्या चार्जरएवढी वीज. ही यंत्रं लोक टेबलावर ठेवतात आणि टोळीत न जाता एकट्याने नशीब आजमावतात. जुलै २०२४ मध्ये अवघ्या ३ टेराहॅशच्या अशा एकाला खरोखर ब्लॉक लागला, पूर्ण ३.१२५ बिटकॉइन. तो लागला कोलिव्हासच्या सोलो सीकेपूलवर, ज्यात ब्लॉक लागला तर २ टक्के डॉक्टरसाहेबांचे. आणि त्या पूलवर ब्लॉकचा साचा, म्हणजे कोणते व्यवहार घ्यायचे ते, यंत्रवाला ठरवत नाही. डॉक्टरांचा सर्व्हर ठरवतो.